झडप बसवताना स्टेंटही?

बदलापूर स्थानकाचा पूल चढताना आजोबा कठडा धरून थांबतात आणि घरचे म्हणतात, वय झालं. उल्हासनगर, अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत हे ऐकून आम्हाला काळजी वाटते. त्या धापेमागे महाधमनीची आक्रसलेली झडप असू शकते, आणि उतारवयात अशा अनेकांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांतही अडथळे निघतात.

प्रकृती झेपणारी असेल तर झडप बदलणं आणि बायपास एकाच शस्त्रक्रियेत उरकतं. पेच थकलेल्या रुग्णांचा. मांडीतल्या धमनीतून नळीवाटे झडप बसवायची, मग स्टेंटही घालायचा का? २०२१च्या ‘ॲक्टिव्हेशन’ चाचणीत स्टेंटचा फायदा दिसला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. २०२४च्या ‘नोशन-३’मध्ये ४५५ रुग्ण होते; अडथळा किमान ९० टक्के, किंवा रक्तदाबाचा फरक मोजून गंभीर ठरलेला. सुमारे दोन वर्षांत मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा तातडीची अँजिओप्लास्टी यांपैकी काहीतरी स्टेंट न घेतलेल्या ३६ टक्के रुग्णांना भोगावं लागलं, घेतलेल्यांपैकी २६ टक्क्यांना. रक्तस्राव मात्र २० ऐवजी २८ टक्के.

म्हणजे अँजिओग्राफीत दिसला अडथळा की घाल स्टेंट, हे आम्हाला पटत नाही. अडथळा किती गंभीर आणि स्टेंटनंतर लागणारी रक्त पातळ करणारी गोळी या शरीराला सोसेल का, हे नातेवाइकांनी निःसंकोच विचारावं. आणि आपल्या फॅमिली डॉक्टरांना कळकळीची विनंती: साठीपुढच्या, दम लागणाऱ्या प्रत्येकाच्या छातीला स्टेथोस्कोप लावा, खरखर ऐकू आली तर त्याच आठवड्यात इको करून घ्या.