परतीची वाट

या अंकात आम्ही ज्यू धर्मग्रंथ तोरामधील लेवीय ग्रंथाचे 13 आणि 14 हे अध्याय उघडले आहेत. अंगावर चट्टा दिसला की याजक तो तपासत असे: केस पांढरे झालेत का, डाग कातडीहून खोल दिसतो का? शंका असली तर सात दिवस वेगळे ठेवून पुन्हा पाहणी. करोनाचे विलगीकरण अनुभवलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. आजार ठरला तर माणसाला छावणीबाहेर काढण्याचा नियम कठोरच. आम्हाला मोलाचा वाटला तो बऱ्या झालेल्याला परत घेण्याचा विधी. गरिबाला त्यात तीन कोकरांऐवजी एक कोकरू आणि दोन पारवे चालत. या अध्यायांतला आजार म्हणजे आजचा कुष्ठरोग नव्हे. तरीही कुष्ठरोगातून बरे झालेल्यांना आपल्याकडे घरची दारे अजून सहज उघडत नाहीत, म्हणून लेखांचा भर परतण्यावर आहे. तुमच्या गावात असे कुणी परतले असेल, तर त्यांना कसे सामावून घेतले, ते आम्हाला जरूर कळवा.