छडीची आठवण आणि नागसेनांची अट

आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकेत माजी विद्यार्थ्यांचे जे लेख येतात, त्यांत एक भाव हटकून आढळतो : गुरुजींच्या छडीमुळे आम्ही घडलो. या कृतज्ञतेच्या खरेपणाविषयी आम्हांस शंका नाही. परंतु अध्यापनाची पहिली काही वर्षे आम्हीही छडी हाती धरली होती. म्हणूनच ही स्तुती आम्हांला अस्वस्थ करते. छडी सोसून जे पुढे गेले, ते लेख लिहितात. तिच्या धास्तीने जे दिवाळीच्या सुटीत घरी गेले आणि वसतिगृहात परतलेच नाहीत, त्यांच्यापर्यंत स्मरणिकेचे निवेदन पोहोचत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेत जे महाविद्यालय सुरू केले, त्याला पुढे मिलिंद राजाचे नाव दिले गेले. परिसर झाला नागसेनवन. एका प्रश्नकर्त्याचे नाव शिक्षणसंस्थेस मिळावे, यात फार मोठा आशय आहे. मिलिंदप्रश्नात चर्चेला बसण्यापूर्वी भदंत नागसेन राजाला एक अट घालतात. विद्वानांच्या रीतीने बोलणार असाल तर बोलू, राजांच्या रीतीने नव्हे. विद्वानांमध्ये चूक दाखविली जाते, ती मान्यही होते आणि कोणी संतापत नाही. राजा मात्र न पटणाऱ्यास दंड फर्मावतो. वर्गव्यवस्थापनाविषयी आम्ही अनेक प्रशिक्षणे केली, पण या अटीहून नेमके काही आमच्या हाती लागले नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली. छडी कपाटामागे गेली. सिंहासन मात्र राहिले. टोमण्यात, चारचौघांत केलेल्या पाणउताऱ्यात.

सिंहासनावरून उतरणे सोपे नसते, हेही सांगितले पाहिजे. आठवीच्या वर्गात महाड सत्याग्रहाचा पाठ आम्ही प्रथम गट पाडून घेतला, तेव्हा वर्गाचा बाजार झाला. बोलकी मुले बोलत राहिली, मुलींच्या वाट्याला तक्त्याची किनार रंगविणे आले आणि आदल्या रात्री वसतिगृहात भांडलेले दोघे एकमेकांकडे पाठ करून बसले. गट पाडले म्हणजे समता आली, असे होत नाही. गावातील उतरंड गटातही चोरपावलांनी शिरते. इतिहासाच्या शिक्षकाला हे आधीच कळावयास हवे होते!

पुढच्या वर्षी तयारी बदलली. प्रत्येक गटाला चार चिठ्ठ्या दिल्या : १९२३ चा मुंबई कायदेमंडळातील बोले ठराव, १९२४ मधील महाड नगरपालिकेचा ठराव, २० मार्च १९२७ चा सत्याग्रह आणि १९३७ चा उच्च न्यायालयाचा निकाल. प्रश्न एकच : तळे ठरावाने खुले झाले होते, मग सत्याग्रह का करावा लागला? पहिली पाच मिनिटे कोणी बोलायचे नाही, प्रत्येकाने आपल्या वहीत लिहायचे. नंतर गटातील सर्वांत अबोल मुलाने आधी वाचायचे. मागील वेळी ज्याने तक्ता रंगविला, त्याने या वेळी वर्गापुढे बोलायचे. एवढ्याशा नियमांनी गोंगाट निम्म्यावर आला, छडीविना.

वर्षभर क्वचितच तोंड उघडणाऱ्या एका मुलीने वाचले, “तळे कागदावर उघडले होते, काठावर बंदच होते.” एका मुलाने ग्रंथालयातील पुस्तक पुढे केले आणि म्हणाला, “सर, परिषद १९ तारखेलाच सुरू झाली होती. तुमच्या चिठ्ठीवर फक्त २० आहे.” क्षणभर आमच्यातला राजा जागा झाला. मग खडू त्याच्याच हाती दिला आणि फळ्यावर परिषदेची तारीख लिहावयास सांगितले.

पालकांचे म्हणणे आम्ही हलके लेखत नाही. ऊसतोडीला निघालेला बाप मुलाला आमच्या स्वाधीन करताना “मारा, पण माणूस करा” म्हणतो, तेव्हा त्यात क्रौर्य नसते, धास्ती असते. पोराचे वर्ष वाया गेले तर दुसरी संधी नाही, ही. अभ्यासक्रमाची अडचणही खरी आहे. व्याख्यानात अर्ध्या तासिकेत उरकणारा पाठ या रीतीने दोन तासिका घेतो आणि त्याआधी आमची रविवारची संध्याकाळ घेतो. (व्याख्यान द्यावयास आम्हांला तयारी लागत नाही, ही आमची जुनी खोड.) म्हणून महिन्यातून दोनच पाठ आम्ही असे घेतो. जे घेतो त्यांत मुले चुकतात, भांडतात, आम्हांलाही चुकीचे ठरवितात.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. आपल्या तुकडीतील जो मित्र मध्येच शाळा सोडून गेला, तो आज कोठे आहे याचा शोध घ्यावा. त्याला लिहावयाचे नसेल तर तो बोलेल ते आपण लिहून घ्यावे आणि पुढील स्मरणिकेसाठी आमच्याकडे पाठवावे. त्यात आमचे नाव आले, तरीही छापू.