फक्की कोणी मारली?

टेनिसविषयी मराठीत जे थोडेबहुत लिहिले गेले आहे ते बहुतेक सर्व खेळाडूंविषयी आहे. विम्बल्डनचे निकाल, विजेत्यांची चरित्रे, क्वचित एखाद्या लांबलेल्या सामन्याचे रसभरीत वर्णन, आणि तेथे विषय संपतो. ज्या क्लबाच्या आधाराने हा खेळ रोज सकाळ-संध्याकाळ उभा राहतो, त्याच्या दैनंदिन कारभाराकडे आपल्या गद्याचे लक्ष गेलेले नाही. मेहकरसारख्या तालुक्याच्या गावी मराठी शिकविणाऱ्या आम्हां मंडळींनी या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, हा प्रश्न जितका मैदानाचा तितकाच भाषेचाही आहे.

मातीचे कोर्ट ही रोज नव्याने घडवावी लागणारी वस्तू आहे. आमच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच जमीन फुगते. तिच्यावर कोर्ट करायचे तर ती आधी उकरून काढावी लागते, खाली दगड आणि मुरूम भरावा लागतो, वर माती चाळून पसरावी लागते. एवढे झाले की काम संपले असे नाही. खरे तर तेथे ते सुरू होते. रोज पाणी मारायचे, ओल नेमकी उतरली की रोलर फिरवायचा, खेळ झाल्यावर उखडलेली माती ओढून सारखी करायची. ७८ फूट लांब आणि ३६ फूट रुंद अशा आयतावर फक्की मारायची. जाळे मध्यभागी ३ फूट आणि खांबांशी साडेतीन फूट आहे की नाही, हे पाहायचे. आपल्याकडे एके काळी शेणाने सारवलेली कोर्टेही असत. साहेबांच्या खेळासाठी आपल्या अंगणाचीच विद्या कामी आली होती, ही गोष्ट आम्हांस मोठी गमतीची वाटते. मग चेंडूंचा हिशेब, कोणाला कोणती वेळ दिली त्याची वही, थकलेली वर्गणी, दिव्यांचे बिल, आणि दोन सभासदांनी एकाच वेळेवर हक्क सांगितला म्हणजे सेक्रेटरीची होणारी तारांबळ.

या कामाला दुय्यम समजणाऱ्यांनी विम्बल्डनचा इतिहास आठवावा. १८७७ साली तेथे जी पहिली स्पर्धा भरली, तिच्यामागे क्लबाचा तट्टू जोडून ओढायचा रोलर दुरुस्त करण्यासाठी पैसे उभे करणे हे निमित्त होते. जगातील सर्वांत प्रतिष्ठित स्पर्धा एका नादुरुस्त रोलरपासून निघाली!

आता भाषेकडे येऊ. संस्थांची इतिवृत्ते व अहवाल ज्यांनी वाचले आहेत त्यांना त्यांची एक लकब ठाऊक असेल. 'कोर्टाची डागडुजी करण्यात आली.' 'रेषा आखण्यात आल्या.' 'मैदान सज्ज ठेवण्यात आले.' या वाक्यांत काम आहे, फळ आहे, तारीखही आहे. नाही तो कर्ता. पुढच्याच परिच्छेदात चषक देणाऱ्या पाहुण्यांचे नाव मात्र सर्व उपाध्यांसह येते. '-ण्यात आले' ही रचना व्याकरणदृष्ट्या निर्दोष असेल, परंतु तिने कोणाला वाक्याबाहेर ठेवले, हे विचारण्याची सवय आपण विद्यार्थ्यांना लावलेली नाही.

वाक्याबाहेर राहिलेला माणूस कोण असू शकतो? पळवणकर बाळू यांचे उदाहरण पाहावे. चर्मकार समाजात जन्मलेला हा मुलगा पुण्यात प्रथम पारशांच्या क्रिकेट क्लबात झाडलोट करी आणि खेळपट्टीवर रोलर फिरवी. पगार महिना तीन रुपये. १८९२च्या सुमारास तो युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपयांवर लागला. तेथे खेळपट्टी तयार करणे, सरावाच्या जाळ्या उभारणे आणि गरज पडेल तेव्हा टेनिसची कोर्टेही आखून देणे ही त्याची कामे. त्याने साहेबांना गोलंदाजी करावी, पण बॅट हाती घेऊ नये, अशी वहिवाट. पुढे हिंदूंच्या संघात घेतल्यावरही चहा त्याला तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. याच बाळूंनी १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. हे सर्व आपल्याला कळते ते ते थोर गोलंदाज झाले म्हणून. ते नुसते उत्तम रेषा आखणारे राहिले असते तर? पूना क्लबात त्यांच्याबरोबर रोलर ओढणाऱ्या इतरांपैकी एकाचेही नाव आम्हांस सांगता येत नाही.

बाळूंचे धाकटे बंधू विठ्ठल १९२३मध्ये हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्यांचे 'माझे क्रीडाजीवन' हे आत्मचरित्र १९४८ साली मराठीत प्रसिद्ध झाले. आत्मकथनांच्या परंपरेची चर्चा करताना आम्ही अध्यापक मंडळी या पुस्तकाचा उल्लेख अभावानेच करतो. क्रीडाविषयक म्हणून साहित्यवाले ते बाजूला ठेवतात, आणि क्रीडावाल्यांचा आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराशी संबंध काय?

एतद्देशीयांनी आपल्या संस्था काढल्या तेव्हा चित्र काहीसे बदलले. १९०६ साली पुण्यात डेक्कन जिमखाना स्थापन झाला. साहेबाच्या परवानगीवाचून मैदान राखणे, हिशेब ठेवणे, सभा चालविणे, निवडणुकीत हरल्यावरही दुसऱ्या दिवशी त्याच सभासदाबरोबर खेळणे हे शिक्षण अशा संस्थांतून मिळाले. त्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. तरीही, सभासद आणि माळी यांच्यामधली रेषा केवळ संस्थेची मालकी बदलल्याने पुसली जात नाही. घटनेत सर्व सभासद समान असतात. घटनेत माळी नसतो. अनेक क्लबांत सभासदांना सराव देणारा पगारी 'मार्कर' असतो. तो पुष्कळदा त्यांच्यापेक्षा सरस खेळतो, पण क्लबाच्या स्पर्धेत त्याचे नाव नसते.

राज्यात आता तालुका क्रीडा संकुलांची योजना आहे. ती हवीच. मात्र कोनशिला बसविण्याचा उत्साह आणि रोज पाणी मारण्याचा उत्साह हे एकाच जातीचे नव्हेत, हे सार्वजनिक कामांचा थोडाफार अनुभव असलेल्या कोणालाही कळेल. राखणदाराचे पद, त्याचे वेतन आणि त्याचे नाव जेथे कागदावर येत नाही, तेथे दोन पावसाळ्यांत गवत माजते.

उपयोजित मराठीत आम्ही इतिवृत्तलेखन शिकवितो, तेही बहुधा स्नेहसंमेलनाच्या काल्पनिक सभेवर. येत्या सत्रात एखाद्या क्रीडासंस्थेचा छापील वार्षिक अहवाल वर्गात न्यावा असे आम्ही योजिले आहे. त्यातील '-ण्यात आले'ची दहा वाक्ये निवडावयाची आणि प्रत्येकास कर्ता शोधून आणावयाचा. पुस्तकात तो सापडणार नाही. मुलांना पहाटे मैदानावर जाऊन विचारावे लागेल.