फिल्टरमागची नळी

मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये टेबल मांडलं गेलं. मागे तिरंगी पट्ट्यांचा फलक होता: 'स्वदेशी वापरा, पाणी वाचवा'. टेबलावर भिंतीला टांगायची आरओ यंत्रं होती. विक्रेत्या मुलाने दोन पेले घेतले, एकात आमच्या नळाचं पाणी आणि दुसऱ्यात यंत्रातलं. दोन्हींत विजेच्या तारा लावलेल्या लोखंडी कांड्या सोडल्या. मिनिटभरात नळाचं पाणी गढूळ, तपकिरी झालं. यंत्रातलं तसंच राहिलं. तळमजल्यावरच्या काकूंनी तोंडाला पदर लावला. "हे आपण पितो?" त्या दिवशी चार घरांनी पैसे भरले.

हा खेळ जुना आहे आणि त्यात पाण्याचा काहीच दोष नाही. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, लोखंडी कांडी झिजते आणि तिचाच गंज पाण्यात उतरतो. आरओने क्षार जवळपास काढून टाकलेले असतात, त्यामुळे तिथे वीज फारशी वाहत नाही. त्या 'शुद्ध' पेल्यात चिमूटभर मीठ टाकलं असतं, तर तोही तसाच काळवंडला असता. मी हे मोठ्याने बोललो. मुलगा ओशाळून हसला. त्याच्यावर माझा राग नाही, त्याला महिन्याचं टार्गेट असतं. राग त्या फलकावरच्या दुसऱ्या दोन शब्दांवर आहे: पाणी वाचवा.

कारण तसलंच एक यंत्र माझ्या स्वयंपाकघरात सात वर्षं लटकत होतं. तेही भारतीय बनावटीचं. त्याच्या मागून एक बारीक नळी निघून सिंकमध्ये जायची. सात वर्षं ती मी पाहिली आणि कधीच मोजली नाही. त्या संध्याकाळी नळी बादलीत सोडली. एक लिटर पिण्याचं पाणी मिळेपर्यंत बादलीत तीन लिटर जमलं. यंत्र बिघडलेलं नव्हतं. घरगुती आरओ चालतंच असं: पडद्यातून थोडं पाणी पार होतं आणि उरलेलं क्षार घेऊन बाहेर जातं.

हिशेब करून बघा. पिण्याला आणि स्वयंपाकाला दिवसाला 15 लिटर धरले, तर 45 लिटर नळीतून जातात. अशी शंभर घरं असली की रोजचे 4,500 लिटर. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे गेली, तेव्हा तिने सुमारे पाच लाख लिटर पाणी नेलं होतं. सगळ्या देशाने ती टीव्हीवर पाहिली, आपणही हळहळलो. शंभर घरांची एक सोसायटी तेवढं पाणी साधारण 111 दिवसांत गटारात सोडते, आणि त्याची बातमी होत नाही.

आरओ वाईट आहे असं मी म्हणत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, अकोला-बुलढाणा-अमरावतीच्या गावांत, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. यवतमाळच्या काही भागांत पाण्यात फ्लोराइड आहे, त्याने दात आणि हाडं जातात. तिथे हे यंत्र औषध आहे. शहराच्या कडेला बोअर आणि टँकरवर जगणाऱ्या सोसायट्यांनाही ते कदाचित लागेल. पाणी तपासून घ्यावं आणि ठरवावं. पण पुण्याच्या जुन्या भागात खडकवासल्याचं पाणी येतं. सह्याद्रीच्या पावसाचं, बेसॉल्टवरून आलेलं, मुळातच कमी क्षारांचं पाणी. राष्ट्रीय हरित लवादाने मे 2019 मध्येच सांगितलं होतं, की जिथे पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत आहेत, तिथे आरओवर बंदी आणा. आपलं पाणी त्या रेषेच्या कितीतरी खाली आहे. जंतूंची भीती असेल, तर उकळणं किंवा साधा अतिनील दिव्याचा फिल्टर पुरतो आणि त्यांच्या मागे नळी नसते.

मग घरात पाणी खरोखर वाचवणारी स्वदेशी वस्तू कोणती? ती हार्डवेअरच्या दुकानात, मागच्या फळीवर असते. नळाच्या तोंडाला बसणारी जाळी, म्हणजे एरेटर. ती धारेत हवा मिसळते. हाताला धार भरघोस लागते, पाणी निम्मं जातं. भांडी घासताना नळ दिवसातून वीस मिनिटं चालत असेल आणि धार मिनिटाला बारा लिटरची असेल, तर 240 लिटरचे 120 होतात. किंमत शे-दीडशे रुपये. बादली भरायच्या नळाला मात्र ती लावू नका, तिथे बादली भरायला फक्त वेळ जास्त लागेल. जामनगरच्या पितळकामाच्या छोट्या कारखान्यांतून नळाचे सुटे भाग देशभर जातात. मोरबी-थानगडला संडासाची भांडी बनतात, त्यांत तीन आणि सहा लिटरच्या दोन बटणांचा फ्लशही मिळतो. भारतीय मानक ब्युरोने पाणी वाचवणाऱ्या अशा वस्तूंसाठी 2021 मध्ये वेगळं मानक काढलं. माल आहे, मानक आहे, किंमत परवडणारी आहे. मग या जाळीचं टेबल आमच्या पार्किंगमध्ये कधीच का लागत नाही?

कारण ती एकदा विकली की विषय संपतो. तिला वर्षाचा सर्व्हिस करार नाही, दरवर्षी बदलायचा पडदा नाही, फोन करून आठवण देणारी मुलगी नाही. साचलेले क्षार काढायला ती रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवली की झालं. ज्या वस्तूने पाणी वाचतं तिच्यात नफा नाही. ज्यात नफा आहे तिच्यावर तिरंगी पट्टी लागते. स्वदेशी हा शब्द दोघींनाही लागू आहे, म्हणून तो इथे निरुपयोगी आहे.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं: "सगळं पाणी ऊस पितो, आमच्या नळाने काय होणार?" उसाचा प्रश्न खरा आहे आणि तो स्वतंत्रपणे भांडण्याइतका मोठा आहे. पण पुण्याच्या बाबतीत वाचलेल्या पाण्याला पत्ता आहे. खडकवासल्याच्याच कालव्याने दौंड-इंदापूरकडे पाणी जातं आणि दर उन्हाळ्यात शहर आणि तो भाग त्यावरून भांडतात. आपण सोडलेलं पाणी कोणाचं तरी आवर्तन असतं.

आणि आमच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या नासाडीचा विषय निघाला, तेव्हा दोष कोणाला मिळाला? कामाच्या मावशींना. "त्या नळ सोडून ठेवतात." मी आमच्या मावशींना विचारलं, तुमच्याकडे पाणी किती वेळ येतं? "सकाळी दोन तास, तेही बारीक धारेने. हंडे भरूनच कामाला निघते, दादा." पाणी कसं पुरवायचं हे त्यांना शिकवायला निघालेल्या आमच्यापैकी कोणीच आयुष्यात हंडा उचललेला नव्हता. आमच्या भिंतीवरच्या नळीबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही.

आमची पाणीपट्टी वर्षानुवर्षं मिळकतकराबरोबर भरली जाते. किती वापरलं याचा तिच्याशी संबंध नाही. मीटर म्हटलं की आपणच ओरडतो. बंगळूरने मार्च 2024 मध्ये, टंचाई गळ्याशी आल्यावर, मोठ्या संकुलांना आणि आस्थापनांना एरेटर सक्तीचे केले. आपण गळ्याशी येण्याची वाट बघायची का?

सोसायटीकडे मी तीन गोष्टी मागितल्या. नळाच्या पाण्याची एकदा प्रयोगशाळेत तपासणी करा आणि अहवाल लिफ्टमध्ये लावा. सगळ्या सिंकच्या नळांना सोसायटीच्या खर्चाने जाळ्या बसवा. ज्यांना आरओ हवंच आहे, त्यांनी ती नळी बादलीत सोडावी आणि ते पाणी फरशीला, संडासाला वापरावं. पहिली दोन मंजूर झाली. तिसरीवर एका गृहस्थांनी विचारलं, "रोज ती बादली कोण उचलणार?"

माझ्या घरचं यंत्र मी काढलं. पाणी मी स्वतः उकळतो. भिंतीला राहिलेलं भोक अजून बुजवलेलं नाही. या उन्हाळ्यात तो फलक पुन्हा लागला, तर त्या टेबलाशेजारी मी माझं टेबल टाकणार आहे. त्यावर एक बादली, एक नळी आणि मापाचं भांडं असेल. विकायला काहीच नसेल.