घरच्या गाडीला सात खून माफ

परदेशातून वापरलेली मोटार आणायची हौस असेल, तर आधी आपल्या सरकारचा प्रश्नसंच वाचा. वधूपरीक्षा परवडली! वय तीन वर्षांच्या आत हवे. स्टिअरिंग उजवीकडे. वेगाचा काटा किलोमीटरमध्ये. अजून पाच वर्षे धडधाकट राहील, असा दाखला. उतरायचे मुंबई बंदरातच, आणि सुटकेआधी पुण्याच्या एआरएआयकडे, नाहीतर नगरच्या (आता अहिल्यानगर) लष्करी संशोधन संस्थेकडे किंवा मध्य प्रदेशात बुदनीला परीक्षा द्यायची. दिव्यांचा झोतसुद्धा डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा हवा. आमच्या रस्त्यावर इमानाने डावीकडून चालतात त्या फक्त म्हशी. त्यांना दिवे नसतात.

हा जाच हवाच, असे माझे मत आहे. दुसऱ्याने टाकलेला धूर आपण का घ्यावा? माझे भांडण वेगळेच आहे. परकी गाडी तीन वर्षांत म्हातारी ठरते आणि घरची खाजगी गाडी एकदा नोंदली, की पंधरा वर्षे तिच्या ब्रेककडे, टायरकडे सरकार ढुंकून पाहत नाही! तिकडे जपानात तिसऱ्या वर्षी 'शाकेन' नावाची सक्तीची तपासणी, मग दर दोन वर्षांनी पुन्हा. म्हणजे जिच्यावर आमचा संशय, तीच जास्त परीक्षा देऊन आलेली.

"पीयूसी असते की!" असते ना. पंपाच्या कोपऱ्यात गाडी उभी, इंजिन निवांत गुणगुणतेय, सायलेन्सरात नळी. पेट्रोलच्या गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजला, की संपले. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे कोणी नावही काढत नाही. झोपलेल्या माणसाची नाडी पाहून 'हा भांडखोर नाही' असा दाखला द्यावा, तसे हे.

मी बँकेत कारकून. परगावच्या खातेदाराची सही ताडून बघतो, तशी शेजाऱ्याचीही बघतो. 'घरचाच माणूस आहे' म्हणून डोळे मिटून पैसे दिले, तर साहेब मला घरी बसवतील. मग मोटारीनाच ही सवलत का? दर दोन वर्षांनी घरच्या गाडीचेही ब्रेक, टायर, दिवे तपासा, आणि धूर मोजायचा तो तिला चाचणीच्या रोलरवर दमवून मोजा. खर्च येईल, रांगा लागतील, मालक बोंबलतील. बोंबलू देत.

आमच्या इमारतीत एक चौदा वर्षांची डिझेल गाडी आहे. सकाळी आधी धूर येतो, मग आवाज, मग मालक. तळमजल्यावरच्या आजींना दमा आहे. खिडकी ओढून घेत त्या परवा म्हणाल्या, "अरे, हिची तपासणी कधी असते?"

"पुढच्या वर्षी, आजी."