गाडी पतीची, चालविणारी पत्नी

ज्या घरात पतीच्या नावे मोटार आणि पत्नीच्या नावे स्कूटर आहे, किंवा दोघांच्याही नावे एकेक मोटार आहे, त्या घरात कोणती गाडी कोणी न्यावी हे नोंदणीपुस्तक पाहून ठरत नाही. ज्याला आधी निघावयाचे असेल तो हाताशी येईल ती किल्ली उचलतो. अशा वेळी अपघात झाला तर विमा लागू पडेल काय, ही शंका पुष्कळांच्या मनात असते. परंतु ती सहसा हप्ता भरून झाल्यावर आठवते.

प्रथम दिलासा देणारी गोष्ट सांगतो. ब्रिटनमध्ये सामान्यतः विमापत्रात गाडी चालविणाऱ्यांची नावे नोंदवावी लागतात, आणि पत्नीचे नाव नसेल तर पतीची गाडी चालविताना तिला विम्याचे संरक्षण बहुधा मिळत नाही. आपल्याकडील विमा मुख्यतः गाडीचा असतो. मालकाच्या अनुमतीने कोणीही ती चालवावी. अट एवढीच की, अपघाताच्या वेळी त्या व्यक्तीजवळ त्या प्रकारच्या वाहनाचा चालू मुदतीचा परवाना असावा व तो रद्द झालेला नसावा. तेव्हा पत्नीच्या हातून दुसऱ्या कोणास इजा झाली, अथवा सर्वंकष विमा असलेल्या गाडीची मोडतोड झाली, तरी केवळ ‘गाडी पतीची होती’ या कारणाने विमा कंपनीला दावा नाकारता येत नाही.

‘त्या प्रकारच्या वाहनाचा’ हे शब्द मात्र नीट ध्यानात ठेवावेत. केवळ मोटारीचा परवाना असलेले गृहस्थ भाजी आणावयास पत्नीची स्कूटर घेऊन निघतात, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने ते विनापरवाना असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2004 सालच्या एका महत्त्वाच्या निर्णयानुसार परवान्यासंबंधीच्या अटीचा मालकाकडून भंग झाला असला, तरी जखमी झालेल्या तिऱ्हाइतास कंपनीने आधी भरपाई द्यावी व मग ती रक्कम मालकाकडून वसूल करावी, असे होऊ शकते. येथे मालक म्हणजे पत्नी! परवान्याची मुदत संपली असल्यासही हाच प्रसंग ओढवतो. दोघांचेही परवाने एकदा काढून त्यांवरील तारखा पाहाव्यात. त्याला पाच मिनिटे लागतात.

आता ज्या बाबीकडे सर्वांत कमी लक्ष जाते तिच्याकडे वळू. विम्याच्या पावतीवर ‘मालक-चालकाचा व्यक्तिगत अपघात विमा’ अशी एक ओळ असते. 2018 सालापासून तिची रक्कम 15 लाख रुपये आहे. घरात कोणी गाडी चालवीत असता दगावले तर ही रक्कम मिळेल, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. ज्याच्या नावे गाडीची नोंदणी व विमापत्र दोन्ही आहेत आणि ज्याच्याजवळ परवाना आहे, अशाच व्यक्तीसाठी ही तरतूद आहे.

समजा, पत्नीच्या मोटारीतून दोघे इंदूरहून भोपाळला निघाली आहेत. पती गाडी चालवीत आहे, पत्नी शेजारी बसली आहे. अपघात झाला. तिच्याजवळ परवाना असेल, तर ती मालक या नात्याने शेजारच्या आसनावरही या विम्याच्या कक्षेत येते. चाकावर बसलेला पती येत नाही. त्याच्या स्वतःच्या मोटारीबरोबर घेतलेला असाच विमा त्या मोटारीपुरता असतो, आणि ती तर घरी उभी आहे! ‘तिऱ्हाईत’ म्हणून भरपाई मागावी, तर तीही वाट अरुंद आहे. दुसऱ्याची गाडी मागून चालविणारा मालकाच्याच जागी उभा राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली एका उसन्या मोटारसायकलीच्या प्रकरणात म्हटले आहे. चूक समोरच्या वाहनाची असेल तर त्याच्या विम्याकडे दाद मागता येते. पण गाडी झाडावर आदळली असेल तर कोणाकडे मागावयाची?

यावर उपाय आहे व तो फार महाग नाही. अल्पसा जादा हप्ता भरून विमापत्रात नाव नोंदवून दुसऱ्या व्यक्तीसाठी अपघात विमा घेता येतो. त्याहून बरे म्हणजे, पती व पत्नी दोघांनीही वाहनाशी न जोडलेला स्वतंत्र व्यक्तिगत अपघात विमा घ्यावा. मग गाडी कोणाची हा प्रश्नच उरत नाही. असा 15 लाखांचा विमा आधीच असेल, तर मालक-चालकाचा विमा वेगळा घेण्याची सक्ती राहत नाही.

आणखी एक कटकटीची बाब. वर्षभर दावा न केल्यास हप्त्याच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसंबंधीच्या भागात सूट मिळते. ती 20 टक्क्यांपासून चढत पाच वर्षांत 50 टक्क्यांवर जाते. पत्नीने फाटकाला घासलेल्या गाडीसाठी दावा केला, तर पतीची सूट शून्यावर येते. किरकोळ पोचा असेल तर आधी हिशेब करावा. अनेकदा कारागिराचे पैसे पदरचे भरणेच स्वस्त पडते. (गाडी कोणी घासली याची चर्चा त्यानंतर करावी.) 2022 सालापासून अनेक वाहनांचा एकत्र विमा घेण्याची सोय झाली आहे, परंतु ती सर्व वाहने एकाच मालकाची असावी लागतात. त्यामुळे ज्या दांपत्याची वाहने वेगवेगळ्या नावांवर आहेत, त्यांना तिचा लाभ नाही.

ही सूट विमेदाराची असते, गाडीची नव्हे. म्हणून पतीने हयातीत गाडी पत्नीच्या नावे केली तरी त्याची सूट तिला मिळत नाही. पती निवर्तला आणि गाडी पत्नीच्या वापरात आली, तर मात्र मिळते. अशा वेळी विमापत्रही तत्काळ रद्द होत नाही. मृत्यूपासून तीन महिने किंवा मूळ मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत, ते चालू राहते. तेवढ्या अवधीत मृत्यूचा दाखला व वारसा दाखविणारी कागदपत्रे देऊन ते आपल्या नावे करून घ्यावे. परिवहन कार्यालयाला मात्र तीस दिवसांच्या आत कळवावे लागते. दुःखाच्या त्या दिवसांत हे कोणाला सुचत नाही. म्हणून नोंदणीपुस्तक व विमापत्र कोणत्या कपाटात आहे, हे दोघांनाही आजच ठाऊक असावे.