परिपाठातली सक्ती

"मिशनच्या शाळेत शिस्त लागते, झेडपीच्या शाळेत देवाचं नाव नाही, मग संस्कार कुठून येणार?" हा एक पक्ष. "मिशनची शाळा म्हणजे धर्मांतराचा सापळा," हा दुसरा. शिक्रापूरच्या चौकात दोन्ही ऐकू येतात. कधीकधी एकाच माणसाच्या तोंडून, कारण पोरीला कॉन्व्हेंटात घालायचंच असतं.

सापळेवाल्यांनी तळेगाव ढमढेरे, न्हावरे करत केडगावला जावं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथे आहे. त्याआधी, 1889 मध्ये, बाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं, ते धर्मशिक्षण न देण्याच्या बोलीवर. सदन पुण्याला आलं आणि काही मुली बाईंच्या खोलीत प्रार्थनेला बसू लागल्या. बाईंनी बोलावलं नाही, पण दारही लावलं नाही. 1893 मध्ये 'केसरी'ने रान उठवलं, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. शंका अगदीच पोकळ नव्हती. जिला सासरमाहेर दोन्ही तुटलंय, तिला उघडं दारही ओढतं. पण मग गोदूबाईंचं काय? याच सदनात शिकलेल्या या विधवेने त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं आणि ती हिंदूच राहिली. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ख्रिस्ती झाले नाहीत, 1848 मध्ये मुलींची शाळा मात्र काढली. शिवाय रमाबाई अमेरिकेत फ्रोबेलची बालशिक्षणपद्धती शिकल्या होत्या. ठोकळे, गाणी, कागदाच्या घड्या यांतून मूल शिकतं, हे मानणाऱ्या त्या पद्धतीला आज अंगणवाडीत कुणी धर्म विचारत नाही.

आता संस्कारवाले. राज्य मंडळाच्या मिशन शाळेत गणित-विज्ञान तेच, पुस्तकं तीच. शिस्त दिसते ती बरीचशी वेळेवर वर्गात येणाऱ्या शिक्षकाची आणि घरी अभ्यास घेणाऱ्या पालकांची. कॉपी का करू नये? "देव बघतोय" म्हटलं की प्रश्न तिथेच मिटतो. देव न मानणाऱ्या पोरालाही पटेल असं कारण द्यायचं, तर गुरुजींना घाम फुटतो. म्हणूनच मी धर्मनिरपेक्ष वर्गाच्या बाजूचा आहे: तिथे शिक्षकाला हुकूम सोडून चालत नाही, पटवून द्यावं लागतं.

पण आपली झेडपीची शाळा तरी तशी आहे का? सरस्वतीच्या फोटोला हार, नारळ, हात जोडलेली रांग. आणि त्या रांगेत एखादं मुसलमान किंवा ख्रिस्ती पोर. हा संस्कार आणि मिशनमधली प्रार्थना तेवढी धर्मप्रसार? घटनेचं कलम 28 सांगतं: पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण नाही, मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीवाचून मुलाला प्रार्थनेला बसवता येत नाही. माप एकच, दोघांनाही लावा.

झेडपीच्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीत रंगरंगोटीचा विषय संपला की एवढं विचारा: परिपाठाला ज्याला हात जोडायचे नाहीत, त्याने नुसतं उभं राहिलं तर चालेल का? आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.